ऑफिसचा एसी, संध्याकाळचे सात आणि मामांचं लॉगबुक

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हा भाग तुमच्यापैकी बरेच जण ऑफिसमधून घरी जाताना ऐकत असतील. मग एक गोष्ट आठवा. आज तुमच्या फ्लोअरवर किती जण हुडी घालून बसले होते? आमच्याकडे एप्रिलमध्ये, बाहेर ३९ डिग्री असताना, एक मैत्रीण ड्रॉवरमध्ये शाल ठेवायची. घरून स्कूटीवर घामाघूम होत यायचं आणि आत आल्यावर शाल काढायची. आम्ही हसायचो. हे विचित्र आहे असं कुणालाच वाटायचं नाही, मलाही नाही.

आजचा विषय हाच. ऑफिसच्या इमारतीचा एसी आणि विजेची पीक डिमांड. पीक म्हणजे शेतातलं पीक नाही बरं का! मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, त्यामुळे वडिलांना हे समजावताना पहिली पाच मिनिटं याच गोंधळात गेली. पीक डिमांड म्हणजे दिवसातली अशी वेळ, जेव्हा सगळ्यांना एकदम सगळ्यात जास्त वीज लागते.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक केलं ते कॉम्प्युटरमध्ये. एसी म्हणजे रिमोट, एवढंच ज्ञान. पण कंपनीत एकदा कँटीनच्या कूपनचं छोटं ॲप बनवून दिलं, तेव्हापासून ॲडमिनवाल्यांचं काहीही काम निघालं की ‘अरे, याला सांगा’. तसंच एकदा सांगितलं, ‘इमारतीच्या विजेचा एक डॅशबोर्ड करून दे.’ पंधरा दिवसांचं काम होतं. मी त्यात दोन उन्हाळे अडकलो.

आकडा एका अर्ध्या तासाचा

घरचं वीजबिल आपण कसं बघतो? किती युनिट जळले आणि किती पैसे झाले. मोठ्या इमारतीच्या बिलात आणखी एक ओळ असते, कमाल मागणीची. मीटर दिवसभर छोट्या छोट्या तुकड्यांत, पंधरा मिनिटं किंवा अर्धा तास असे, सरासरी भार मोजत राहतो. महिन्यातला जो तुकडा सगळ्यात मोठा, त्याचा आकडा पूर्ण महिन्याच्या बिलाला लागतो. एकोणतीस दिवस तुम्ही शहाण्यासारखे वागलात आणि तिसाव्या दिवशी अर्धा तास सगळं एकदम चालू केलंत, तर बिलाला तो अर्धा तासच दिसतो. आणि मंजूर मागणीच्या वर गेलात, तर वरच्या भागाला जादा दर.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा अन्याय वाटला. पण विचार केला तर बरोबर आहे. वीज साठवून ठेवणं महाग असतं. जेवढी लागते तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली, तोवरचा उच्चांक. तेवढ्या काही तासांसाठी तेवढी वीजकेंद्रं, तेवढ्या तारा, तेवढे ट्रान्सफॉर्मर वर्षभर तयार ठेवावे लागतात. लग्नाच्या एका पंगतीसाठी वर्षभर हजार ताटं घरात ठेवण्यासारखं आहे हे. त्या ताटांचे पैसे कुणाला तरी द्यावेच लागतात.

आता तर वेळही महत्त्वाची झालीय. दुपारी सोलर भरपूर असतं. सूर्य मावळला की ते शून्यावर येतं, आणि नेमकं तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी चालू होतात. म्हणून केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहकहक्कांचे नियम बदलले. १० किलोवॅटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर. सूर्य असतानाच्या तासांत नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, पीकच्या तासांत किमान १.२ पट. थोडक्यात, दुपार स्वस्त आणि संध्याकाळ महाग.

आणि आमच्यासारख्या आयटी ऑफिसमध्ये संध्याकाळी काय असतं? अमेरिकेचे कॉल. साडेसहाला निम्मं ऑफिस जातं आणि निम्मं बसतं. एसी मात्र पूर्ण इमारतीला पूर्ण जोरात.

डॅशबोर्डवर काय दिसलं

आमची इमारत साधारण एक लाख चौरस फुटांची. गच्चीवर कूलिंग टॉवर, तळघरात दोनशे टनांचे तीन चिलर. दोन चालतात, तिसरा राखीव. हे टन वजनाचे नाहीत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी थंड करण्याची ताकद म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्यांनी थंडावा आणायचे तेव्हापासूनचं माप, अजून चाललंय.

चिलर पाणी थंड करतो, साधारण सात डिग्री. ते पाणी पंपाने प्रत्येक मजल्यावरच्या एएचयूमध्ये जातं. एएचयू म्हणजे खोलीएवढा मोठा पंखा आणि कॉईल. त्यातून थंड हवा डक्टने तुमच्या डोक्यावर.

डॅशबोर्ड उभा राहिला आणि दिसलं की उन्हाळ्यात आमची मागणी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान ७४० केव्हीएच्या आसपास जाते. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा एसीचा, म्हणजे चिलर, पंप, टॉवर आणि पंखे. मंजूर मागणी ८००. संध्याकाळी माणसं निम्मी झाली तरी आलेख तेवढा खाली येत नव्हता.

माझ्या इंजिनिअर डोक्यात पहिला विचार काय आला असेल? ‘सेट पॉइंट वाढवू. २३ चा २६ करू. काम झालं.’ बीईई सांगतंच की तापमान एक डिग्री वाढवलं तर साधारण सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या नव्या रूम एसींचं डीफॉल्ट तापमान २४ डिग्री ठेवणं बंधनकारक केलंय, ते याचसाठी. जपाननेही २००५ पासून ऑफिसांत २८ डिग्री आणि टाय-कोट नको, अशी मोहीम चालवली, ‘कूल बिझ’ नावाची.

पण आमच्याकडे सकाळपासून २६ केलं, तर तासाभरात ॲडमिनच्या मेलबॉक्समध्ये वीस तक्रारी. आणि त्या चुकीच्या नव्हत्या. माणूस उन्हातून येतो तेव्हा पहिला अर्धा तास त्याला खरंच थंड हवं असतं.

मग वाचायला लागलो. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या एका ८० हजार चौरस फुटांच्या ऑफिस इमारतीत एक साधी गोष्ट करून पाहिली होती. दुपारी दोनपर्यंत तापमान आरामाच्या पट्ट्यात खालच्या टोकाला ठेवायचं. दोननंतर ते हळूहळू वरच्या टोकाकडे जाऊ द्यायचं. परिणाम? दुपारी दोन ते पाच या वेळात चिलरची वीज ८० ते १०० टक्क्यांनी कमी झाली, आणि तक्रार एकही नाही. तिथली हवा पुण्यापेक्षा सौम्य, त्यामुळे तेवढा आकडा आपल्याकडे येणार नाही. पण कल्पना डोक्यात बसली.

पिंप भरून ठेवायचं

ही कल्पना आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही खरं तर. नळाला पाणी सकाळी सहा ते आठ येतं. मग आपण काय करतो? पिंप भरतो, बादल्या भरतो, कळशी भरतो. दिवसभर ते वापरतो. नळ बंद असताना पाणी नाही म्हणून कुणी रडत बसत नाही.

थंडावाही असाच भरून ठेवता येतो. पिंप कुठलं? इमारतच. स्लॅब, भिंती, कॉलम, टेबलं, फायलींची कपाटं. सगळं जड सामान थंड व्हायला वेळ घेतं आणि तापायलाही वेळ घेतं.

थोडं गणित करू, घाबरू नका. पंधरा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचा एक चौरस मीटर तुकडा साधारण ३६० किलोचा. तो एक डिग्रीने थंड केला तर त्यात साधारण ०.१ युनिट थंडावा साठतो. फारच कमी वाटतं ना? पण आमच्याकडे नऊ हजार चौरस मीटर आहेत. म्हणजे एका डिग्रीला ९०० युनिट. वर फॉल्स सीलिंग, खाली कार्पेट, त्यामुळे सगळा स्लॅब हाताला लागत नाही. निम्मा धरू, ४५०. आमचा चिलर एका युनिट विजेत साधारण पाच युनिट थंडावा देतो. म्हणजे एका डिग्रीला ९० युनिट वीज. दोन डिग्री खेळवल्या तर १८० युनिट. ते चार तासांत वापरले, तर त्या चार तासांत ४५ किलोवॅटची मागणी कमी. नवीन बॅटरी नाही, नवीन मशीन नाही. बांधताना जे काँक्रीट ओतलं, तीच बॅटरी.

मी खूश! आणि इथेच माती खाल्ली.

मामा

आमच्या चिलर प्लँटवर एक ऑपरेटर आहेत. पन्नाशीचे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. कंत्राटी कामगार, पण इमारत उभी राहिली तेव्हापासून तिथेच. तळघरात एक लोखंडी टेबल, त्यावर जाड लॉगबुक. दर तासाला ते चिलरमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्याचं तापमान, प्रेशर, अँपिअर हाताने लिहितात. बीएमएसवर हे सगळं आपोआप येतं, तरी लिहितात.

मी खाली गेलो आणि मोठ्या उत्साहात माझी योजना सांगितली. सकाळपासून इमारत २३ ला ठेवायची. संध्याकाळी पाच वाजता सगळ्या मजल्यांचा सेट पॉइंट २६.५ करायचा. साडेसातला संध्याकाळची शिफ्ट नीट कामाला लागते, तेव्हा परत २४. सगळं स्क्रिप्टने, आपोआप.

मामांनी ऐकलं. म्हणाले, “साहेब, बंद कधी करायचं ते तुम्ही ठरवलंत. परत चालू कसं करायचं ते ठरवलंय का?”

मी म्हणालो, “मामा, ते आपोआप होईल, सेट पॉइंट टाकला की.”

“तेच म्हणतोय मी. आपोआप होईल.”

मला वाटलं, मामांना कॉम्प्युटरची भीती वाटतेय. हे आज बोलताना लाज वाटते, पण खरंच तसं वाटलं.

साडेसातची गोष्ट

पहिला दिवस. पाच वाजले, स्क्रिप्ट चालली, आणि आलेख असा खाली आला की मी स्क्रीनशॉट काढून चार ग्रुपवर टाकला. चिलर एकावर आला. मॅनेजरने अंगठा दाखवला. मी चहा प्यायला गेलो.

साडेसातला स्क्रिप्टने सगळ्या मजल्यांना एकदम २४ दिलं. आता काय झालं ते सावकाश सांगतो. आठही मजल्यांवरचं तापमान तेव्हा २६ च्या वर होतं. प्रत्येक एएचयूला वाटलं, ‘अरे बापरे, आपण फारच मागे आहोत.’ सगळे पंखे शंभर टक्के. थंड पाण्याचे सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे. तळघरात परत येणारं पाणी एकदम गरम. बीएमएसने बघितलं की भार वाढलाय, दुसरा चिलर चालू केला. तरी पाणी थंड होईना, तिसराही चालू केला. जो राखीव होता तो.

मामांचा फोन आला, “साहेब, तीन चिलर चालू आहेत. मी एक हाताने बंद करू का?”

मी म्हणालो, “थांबा, मी बघतो.” लॅपटॉप उघडला, व्हीपीएन लावला, ओटीपी आला, लॉग इन झालो. तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

त्या अर्ध्या तासाचा आकडा ८३८ केव्हीए. इतकी वर्षं कधी न झालेला. मंजूर मागणीच्याही वर. आणि वेळ कोणती? संध्याकाळी साडेसात ते आठ. राज्यात सगळ्यांना वीज हवी असते नेमकी तेव्हा. पीक कमी करायला निघालो होतो आणि पिकावर पीक घेतलं!

बिल आलं तेव्हा ॲडमिनच्या मॅडमनी मला बोलावलं. ओरडल्या नाहीत. फक्त बिलाची ती ओळ हायलायटरने रंगवून समोर ठेवली. म्हणाल्या, “तुझा डॅशबोर्ड छान आहे. पण हा प्रयोग आता बंद.”

मी त्या रात्री घरी जाऊन काहीच बोललो नाही.

लॉगबुकात काय होतं

दुसऱ्या दिवशी तळघरात गेलो, सॉरी म्हणायला. मामांनी खुर्ची पुढे केली आणि लॉगबुक उघडून दाखवलं. सोमवारची पानं. प्रत्येक सोमवारी एक चिलर पहाटे साडेसहालाच चालू केलेला. बाकीच्या दिवशी साडेआठला.

“हे का, मामा?”

“शनिवार-रविवार बंद असतं ना. स्लॅब तापलेला असतो. साडेआठला चालू केलं की दोन चिलर लावूनही दुपारपर्यंत दमतात. लवकर एक लावला की एकावरच निभतं बराच वेळ. सकाळी टॉवरचं पाणीपण गार असतं, मशीन हलकं चालतं.”

मी गप्प. मी ज्यासाठी इंग्रजी पेपर वाचत होतो, ते हा माणूस वर्षानुवर्षं दर सोमवारी करत होता. आणि ‘मशीन हलकं चालतं’ म्हणजे काय, तर सकाळी बाहेरची हवा गार, टॉवरमधून उष्णता सहज बाहेर पडते, म्हणून चिलरला तेवढ्याच थंडाव्याला वीज कमी लागते. अगदी पुस्तकातलं वाक्य, फक्त त्यांच्या शब्दांत. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी तर त्यांचं बोलणं ऐकूनही घेतलं नव्हतं.

मग आम्ही दोघांनी मिळून परत मांडणी केली. मॅडमकडे जाऊन एक संधी मागितली. अट एकच होती, मामा म्हणतील तेव्हा लगेच हाताने सगळं थांबवता आलं पाहिजे. ती अट खरं तर पहिल्या दिवशीच असायला हवी होती.

मग नक्की काय केलं

एक. रोज सकाळी साडेसहाला एकच चिलर चालू. लोक यायच्या आधी इमारत २३ ला. सोमवारी आणखी लवकर.

दोन. दुपारी अडीचपासून सेट पॉइंट वाढवायला सुरुवात, पण उडी नाही. दर अर्ध्या तासाला पाव डिग्री. संध्याकाळी सातपर्यंत २५ च्या थोडं वर. इतकं हळू की अंगाला कळत नाही. शालवाल्या मैत्रिणीने तिसऱ्या आठवड्यात विचारलं, “एसी बिघडलाय का? हल्ली शाल लागत नाही.” यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मला आजवर मिळालेलं नाही.

तीन. सगळ्यात महत्त्वाचं. संध्याकाळी परत खाली यायचंच नाही. मी साडेसातला २४ का ठेवलं होतं? कारण ‘नॉर्मल’ला परत जायला हवं, असं डोक्यात होतं. पण सूर्य मावळला, निम्मी माणसं गेली, काचेतून ऊन येत नाही. २५.५ मध्ये कुणाला काय त्रास? जे मजले रिकामे, त्यांचे एएचयू बंद. आणि कधी परत चालू करायचेच झाले, तर एकेक मजला, मध्ये दहा-दहा मिनिटं सोडून.

चार. तिसऱ्या चिलरला कुलूप. म्हणजे प्रोग्राममध्ये. मामांनी हो म्हटल्याशिवाय तो चालू होणार नाही.

पाच. पंखे. हे मला सगळ्यात आवडलं. एएचयूच्या पंख्याला व्हीएफडी असेल, म्हणजे वेग कमी-जास्त करता येत असेल, तर वेग ८० टक्के केला की वीज ८० टक्के नाही, जवळजवळ निम्मी लागते. वेगाच्या घनाच्या प्रमाणात वीज लागते म्हणून. ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, करून बघा कॅल्क्युलेटरवर. बऱ्याच इमारतींत व्हीएफडी बसवलेले असतात आणि कुणीतरी कधीतरी तक्रार केली म्हणून शंभरवर अडकवून ठेवलेले असतात. आमच्याकडे आठपैकी पाच तसे होते.

एवढ्यावर मे महिन्याची कमाल मागणी ७४० वरून ६६० च्या आसपास आली. एक रुपयाचं नवीन मशीन नाही. ४५ ची अपेक्षा गणितात होती, बाकीचं पंख्यांनी आणि पंपांनी दिलं.

जिथे जमलं नाही

सगळं गोड गोड सांगत नाही. पश्चिमेच्या काचेजवळ बसणाऱ्यांना चारनंतर त्रास झाला. हवेचं तापमान २५ असलं तरी काच तापलेली, ती अंगावर उष्णता फेकते. सेन्सर मात्र मधल्या पॅसेजमध्ये, त्याला सगळं छान दिसतं. तिथे आधी पडदे लावले, मग सेन्सर हलवला. त्याआधीचे दहा दिवस त्या लोकांनी सोसलं, आणि मी आलेख बघून ‘सगळं ठीक’ म्हणत होतो.

पावसाळ्यात ही युक्ती तशीच्या तशी चालत नाही. जूनमध्ये मी वीज वाचवायला थंड पाण्याचं तापमान सातवरून दहा केलं. कॉईल पुरेशी गार नाही, तर हवेतला ओलावा सुटत नाही. दोन दिवसांत मीटिंग रूमला कुबट वास. परत खाली आणलं. मुंबई, कोकण, गोवा इथे तर ओलावा वर्षाचा बराच काळ असतो, तिथे तापमानाइतकंच आर्द्रतेकडे बघावं लागेल.

आणि दोन गोष्टींना हात लावायचा नाही. सर्व्हर रूम आणि ताजी हवा. पंखे कमी करताना बाहेरून येणारी ताजी हवा बंद झाली, तर वीज वाचेल, पण दुपारी सगळ्यांना झोप येईल आणि डोकी दुखतील. ती बचत नाही.

आणखी एक. ‘भारतीय माणसाला किती थंड लागतं’ याचा अभ्यास आपल्याकडे झालाय. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय ऑफिसांमध्ये लोकांना विचारून, मोजून एक मॉडेल बनवलं आणि २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत त्याचा समावेश झाला. त्याचं सार असं की बाहेरचा ऋतू बदलतो तसा आपला आरामाचा पट्टाही बदलतो. उन्हाळ्यात आपल्याला जास्त तापमान चालतं. २२ डिग्री ही आपली गरज नाही, ती सवय आहे. बऱ्याचदा तर ती एका मोठ्या साहेबाची सवय असते.

हे मला का सांगायचं होतं

आता शेवटचं, आणि थोडं घरचं.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. मी शाळेत होतो तेव्हा लोडशेडिंग दहा-बारा तासांचं असायचं. तेव्हाही ‘पीक’ कमी करायचंच चाललेलं होतं, फक्त ते कसं? गावाचा खटका खाली ओढून. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं की तुम्हाला किती डिग्री चालेल. लोडशेडिंग गेलं, पण शेतीपंपाची वीज अजून पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की वडील अकरा-बारा वाजता बॅटरी घेऊन कांद्याला पाणी द्यायला जातात. जुन्नर म्हटलं की बिबट्या, हे तुम्हाला माहीतच आहे. आई झोपत नाही त्या रात्री. मीही इथे संध्याकाळच्या शिफ्टला. एकाच घरात दोघांची रात्रपाळी.

त्या ८३८ च्या रात्री मी घरी फोन केला होता. वडील म्हणाले, “आज रात्रीची लाईट आहे, नंतर बोलतो.” आणि माझ्या डोळ्यांसमोर तो आलेख. रिकामे चार मजले थंड करायला चालू असलेले तीन चिलर.

आता खोटं बोलणार नाही. माझ्या ऑफिसने ८० केव्हीए वाचवले, ते थेट वडिलांच्या मोटरीला गेले असं काही होत नाही. ग्रिड तसं चालत नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना चालू आहे. काही फीडरना दिवसाची वीज मिळायलाही लागलीय. आमची वाट बघणं चालू आहे.

पण एक गोष्ट मला पक्की पटलीय. वीज कमी पडते तेव्हा कुणाला तरी जुळवून घ्यावंच लागतं. आजवर ते त्यांनी घेतलं, ज्यांना कुणी विचारत नाही. आणि ज्या इमारती कुणाला कळूही न देता जुळवून घेऊ शकतात, पाव-पाव डिग्रीने, त्यांनी कधी प्रयत्नच केला नाही. वडिलांना कांद्याचं पाणी संध्याकाळी सातवरून दुपारी दोनवर सरकवता येत नाही, लाईट येईल तेव्हाच जावं लागतं. आमच्या ऑफिसला थंडावा सरकवता येतो. ज्याला सरकता येतं, त्यानं सरकावं. एवढंच.

तुम्ही काय करू शकता

तुम्ही फॅसिलिटीत नसाल, तरी उद्या ऑफिसात तीन प्रश्न विचारा. आपली कमाल मागणी किती आणि ती किती वाजता होते? संध्याकाळी सातनंतर किती मजल्यांवर माणसं असतात आणि किती मजल्यांवर एसी चालू असतो? एएचयूचे पंखे शंभरवर अडकवलेत का? बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रश्नालाच शांतता पसरेल.

आणि चौथी गोष्ट. तळघरात जा. तिथे कुणीतरी मामा असतील, लॉगबुक लिहिणारे. त्यांना विचारा, ‘सोमवारी तुम्ही काय वेगळं करता?’ आणि मग मध्ये न बोलता ऐका.

घरी रूम एसी असेल तर २५-२६ वर ठेवा आणि पंखा लावा. वॉशिंग मशीन, गिझर, गाडीचं चार्जिंग संध्याकाळी सात ते अकरामध्ये टाळा. दुपारी कुणी घरी असेल तर तेव्हा उरका.

मामांबद्दल विचाराल, तर ते अजून तिथेच आहेत. लॉगबुक अजून हातानेच लिहितात. फक्त आता शेवटच्या रकान्यात एक नवीन नोंद असते, दिवसाची कमाल मागणी. परवा खाली गेलो तर म्हणाले, “साहेब, काल सहाशे अठ्ठेचाळीस. तुमच्या डॅशबोर्डवर आलं का?”

आलं होतं, मामा. तुमच्यानंतर दोन मिनिटांनी.

चला, इथेच थांबतो. तुमच्या ऑफिसमध्ये किती डिग्री असतं आणि तुमच्या ड्रॉवरमध्ये शाल आहे का, तेवढं नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी प्या!